फ्रिजवरचा कागद

आमच्या सुरतेतल्या डिंडोलीत अ‍ॅम्ब्युलन्स येत नाही, एकसोआठ येते. "त्यांच्याकडे सकाळी एकसोआठ आली होती", "म्हातारीला एकसोआठमध्ये घालून नेलं", असंच सगळे बोलतात. नंबर गाडीला असा चिकटलाय की तो मुळात नंबर आहे हेच लोक विसरले. मीही विसरले होते. लोकांचं सोडा, पण मी शिक्षिका. मला विसरायची मुभा नव्हती.

मराठी शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. वर्गात बहुतेक खानदेशातून आलेल्या लूम्सवाल्यांची पोरं. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, टीव्हीसमोर हिंदी, आणि माझ्यापुढे उभी राहिली की मराठीसारखं काहीतरी. तिसरीच्या वर्गाकडून मी दर शनिवारी शेवटच्या तासाला नंबर घोकून घ्यायची. मी म्हणायची शंभर, पोरं ओरडायची, "पोलीस!" एकशे एक म्हटलं की, "बंब!" आणि एकशे आठला तर छप्पर उडायचं तेवढं बाकी राहायचं. एकदा नवागामच्या एका मुलीनं हात वर करून विचारलं, "बाई, मामाना गावले बी एकशे आठच शे का?" मी म्हटलं, "नंबर सगळीकडे तोच असतो. बस खाली." तिच्या मामाच्या गावापुरतं ते खरं होतं. पण प्रश्न चांगला होता आणि मी तिला खाली बसवलं. इतक्या वर्षांत हजारो प्रश्न आले असतील. नेमका हाच आता आठवतो.

घरात आम्ही दोन मास्तर. मी शाळेत, आणि आमचे हे लूम्सच्या खात्यात. सुरतेत लूम्सच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि माग दुरुस्त करणाऱ्याला मास्टर. चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे यांचा आवाज घरातही खात्यातलाच. साधं "चहा झाला का" विचारलं तरी खालच्या मजल्यावरच्या बाईला वाटायचं, भांडण लागलं. आणि थट्टा तर अखंड. मला ते आयुष्यभर "बाई" म्हणत आले, वर्गातली पोरं म्हणायची तसं. मी चिडले की कान धरून उभे राहायचे. या माणसाचं तोंड कधी बंद होईल, असं मी शेकडो वेळा म्हटलं असेल. असं बोलू नये हे मला माहीत होतं, तरी म्हटलं.

लेकीचं लग्न झालं आणि ती जावयाबरोबर जर्मनीत गेली. पहिलं बाळंतपण. एरवी लेक माहेरी आली असती, पण तिला इतकी रजा नव्हती, मग माहेरच तिच्याकडे गेलं. मेथीचे, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, कळण्याचं पीठ, सगळं बॅगेत कोंबून आम्ही दोघं निघालो. यांनी आयुष्यात पहिल्यांदा विमान पाहिलं आणि पट्टा बांधताना शेजारच्या परक्या माणसाला अहिराणीत विचारलं, "भाऊ, हाई तार कोठे जोडानी?" तो माणूस हसला. यांच्याशी कोण हसत नसे!

लेकीचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर तिनं आमच्यासाठी एक कागद चुंबकाखाली लावून ठेवला होता. पोरीचं अक्षर माझ्यासारखंच, वळणदार. वर मोठ्ठं लिहिलेलं: "पोलीस ११०. अ‍ॅम्ब्युलन्स आणि बंब ११२." त्याखाली घराचा पत्ता, देवनागरीत, अक्षर न् अक्षर फोडून. आणि त्याखाली एक वाक्य, तेही देवनागरीत: "विअर ब्राउखेन आइनेन क्रांकेनवागेन." म्हणजे, आम्हाला अ‍ॅम्ब्युलन्स हवी आहे.

"मम्मी, हे पाठ करून ठेव हं. मी टेस्ट घेणार," ती म्हणाली. "पप्पा, तुम्ही पण."

यांनी चष्मा चढवून ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि शेवटच्या शब्दावर अडकले. "क्रांके न् वांगे? बाई, हाऊ काय प्रकार शे? आज याच वांगास्नं भरीत कर." झालं. त्या दिवसापासून आमच्याकडे भाजी कुठलीही असो, यांचं ठरलेलं, "क्रांकेवांगे कर." लेक पोट धरून हसायची. मी म्हणायची, पुरे आता, तिला टाके पडायच्या आधीच टाके तुटतील. तिनं टेस्ट काही घेतली नाही. मी पाठही काही केलं नाही. मुलीनं आईची परीक्षा घ्यायची, हे मला मनातून रुचलंच नव्हतं. शिवाय मला वाटलं, दोन महिन्यांत काय आभाळ कोसळणार आहे!

बाळ झालं. मुलगी. चौथ्या दिवशी घरी आली. पाचव्या दिवशी पाचवी पूजायची. आमच्यात पाचवीच्या संध्याकाळी सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ती येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. पाट्यावरवंट्याच्या जागी मी भाजी कापायची फळी मांडली, खोबरं, हळदकुंकू सगळं सुरतेहून नेलं होतं. नेला नव्हता तो कागद. कागद कुठेही मिळेल, असं वाटलं होतं. त्या घरात दोन लॅपटॉप होते, तीन फोन होते, पण एक कोरा कागद नव्हता. वह्या नाहीत, प्रिंटर नाही. पाकिटं होती, ती छापील. रविवार, दुकानं बंद. एकतीस वर्षं खडू आणि कागदांत गेलेली मी, एका कागदासाठी ड्रॉवर उपसत होते.

तेव्हा माझी नजर फ्रिजवर गेली. कागदाची मागची बाजू स्वच्छ होती.

आता खरं काय ते सांगते. फक्त कागद हवा म्हणून मी तो काढला नाही. तान्हं बाळ घरात आलेलं, आणि स्वयंपाकघरात शिरताच डोळ्यांसमोर पोलीस, आग, दवाखाना. मला ते आल्या दिवसापासून खुपत होतं. शुभ बोल नाऱ्या, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. वाईटाचं नाव काढलं की ते दार वाजवतं. लेक आत बाळाला पाजत होती. हे खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्या कुत्र्यांवर शेरे मारत होते. मी चुंबक बाजूला केला, कागद उलटा केला आणि सटवाईपुढे ठेवला. वर पेन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे तो कागद चौघडी करून बाळाच्या उशाला, उशीच्या अभ्र्यात सरकवला. फ्रिजवरची जागा मोकळी दिसू नये म्हणून तिथे डिंकाच्या लाडवांचं प्रमाण लावलं, एका फाडलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून. म्हणजे पुठ्ठा होता घरात. हे मला नंतर सुचलं की सटवाईला तो पुठ्ठाही चालला असता. लेकीच्या लक्षात आलं नाही. तिला तेव्हा दिवस आणि रात्र यातलाही फरक कळत नव्हता.

बाळ महिन्याचं झालं. त्या दिवशी लेक आणि जावई सकाळी तिला तपासायला घेऊन गेले. बाळ न्यायच्या टोपलीसारख्या खुर्चीत मी स्वतः तिची दुपटी नीट घातली, उशी ठेवली. घरात आम्ही दोघंच. मी चहा टाकला. यांनी कप उचलला आणि तो हातातून निसटला. चहा मांडीवर सांडला तरी हे हललेसुद्धा नाहीत. मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. शब्द नव्हते, नुसता लगदा. तोंड एका बाजूला ओघळलेलं.

आणि मी काय केलं? मी रागावले. "पुरे झाली नाटकं," मी म्हटलं. "लेकीच्या घरचा कप आहे तो." फडका आणून फरशी पुसायला बसले. कारण हा माणूस पन्नास वेळा असा तोंड वाकडं करून मला घाबरवत आला होता. फरशी पुसून झाली, तरी यांचं तोंड वाकडंच होतं. मग वर पाहिलं तर डोळ्यांत भीती होती. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी यांच्या डोळ्यांत भीती पाहिली नव्हती, म्हणून मला ती ओळखताही आली नाही. तेवढी मिनिटं तिथे गेली.

मग मी त्यांना कसंबसं गादीवर आडवं केलं, उजवा हात चोळला. हात थंड, जड, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. लेकीला फोन लावला. वाजत राहिला. जावयाला लावला, तोही तसाच. दवाखान्यात गेल्यावर फोनचा आवाज बंद ठेवतात, हे मला कुठून माहीत! पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग वाटलं, वेडे, एकसोआठला लाव.

बोटांनी आपोआप आकडे दाबले. पलीकडून बाईचा आवाज आला, शांत, गोड, त्यांच्या भाषेत. मला इतका धीर आला! मी सगळं सांगून टाकलं. नाव सांगितलं, वय सांगितलं, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, लवकर या हो ताई, परक्या मुलुखात आहोत. मराठीत सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. ती मध्येच तेच वाक्य पुन्हा म्हणाली, मग तिसऱ्यांदा तेच, आणि फोन बंद झाला. रेकॉर्ड केलेला आवाज होता तो. असा नंबर नाही, असं काहीतरी म्हणत असणार. मी तिला माझ्या नवऱ्याचं वयसुद्धा सांगून बसले होते.

तेव्हा कागद आठवला. फ्रिजकडे धावले, तिथे डिंक पाव किलो, खारीक अर्धा किलो. मग बाळाच्या पाळण्याकडे धावले आणि दुपटी उपसली. उशी बाळाबरोबर गेली होती. कागद तिच्या अभ्र्यात. बाळ दवाखान्यात. ज्या ठिकाणी गाडी बोलवायची काही गरज नव्हती, तिथे नंबर जाऊन पोचला होता, आणि तो मीच पाठवला होता.

मला एक आकडासुद्धा आठवेना. अकरा होतं कशात तरी. पोलिसांचा कुठला, गाडीचा कुठला? एकसोआठ तेवढा डोक्यात घणघणत होता. मग संकटात आमच्याकडची प्रत्येक बाई करते तेच मी केलं. भावाला फोन लावला. नवागामला.

"ताई, काय व्हयनं? रडू नको, सांग. दाजीले काय व्हयनं?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "तू थांब. फोन ठेवू नको. मी आत्तेच लावस एकसोआठले." माझा फोन त्याच्या एका कानाला, दुसऱ्या हातात वहिनीचा फोन, आणि त्यानं खरोखर सुरतेतून एकसोआठला लावला. मला पलीकडच्या मुलीचं बोलणं ऐकू येत होतं. "भाई, कयुं गाम? कयो तालुको?" भाऊ म्हणाला, "जर्मनी." ती म्हणाली, "जर्मनी क्यां आव्युं? कामरेज बाजु?" कामरेज म्हणजे सुरतेजवळचं गाव.

हे आता कुणाला सांगितलं की लोक हसतात. मीही हसते. त्या मुलीची काय चूक? तिचं काम ती नीट करत होती. जवळपास काय आहे, मंदिर आहे का, शाळा आहे का, विचारत होती. आणि माझा साधा भाऊ तिला पत्ता समजावत होता, कारण बहीण रडत होती आणि त्याला काहीतरी करायचं होतं. पण त्यातही मिनिटं गेली. मी ती फोनला कान लावून जाऊ दिली.

शेवटी मी दार उघडून समोरचं दार बडवलं. तिथे एक म्हातारी एकटी राहायची. रविवारी मी खलबत्त्यात चटणी कुटली म्हणून ती एकदा तक्रार घेऊन आली होती. तिकडे रविवारी आवाज करत नाहीत म्हणे. तेव्हापासून मी तिला जिन्यात पाहिलं की तोंड फिरवायची. तिनं दार उघडलं. माझ्याकडे सांगायला एक शब्द नव्हता. होता तो फक्त यांच्या थट्टेचा.

"क्रांके," मी म्हटलं. "क्रांके... वांगे. वांगे!"

"क्रांकेनवागेन?" तिनं विचारलं. मी तिचे दोन्ही हात धरले. ती आत आली, यांना पाहिलं, आणि फोन उचलून तीन आकडे दाबले. गाडी आठ-दहा मिनिटांत दारात उभी होती. इतकंच लागतं तिथे, आठ-दहा मिनिटं. म्हातारी माझ्याशेजारी बसून होती, माझ्या पाठीवरून हात फिरवत.

दवाखान्यात डॉक्टरनं एकच गोष्ट परत परत विचारली, कधी सुरू झालं? फोन पाहून धावत आलेली लेक रडत रडत भाषांतर करत होती. कपापासून ते त्या गाडीपर्यंत पाऊण तास होत होता. डॉक्टरनं वेळ लिहून घेतली. लेकीनं नंतर सांगितलं, मेंदूच्या या दुखण्यात एकेक मिनिटाला किंमत असते. जीव वाचला. चालणंही थोडं परत आलं. बोलणं गेलं.

घरी आल्यावर तिनं फ्रिजकडे पाहिलं. "मम्मी, कागद कुठे गेला?"

"पडला असेल कुठेतरी," मी म्हटलं.

आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नये म्हणून छड्या मारल्या. लेकीला अजून खरं सांगितलेलं नाही. कागद माझ्याकडेच आहे. निघताना बाळाच्या उशीच्या अभ्र्यातून काढून बॅगेत घातला. सटवाईनं काय लिहिलं ते दिसत नाही, पण मागच्या बाजूचं लेकीचं अक्षर अजून स्पष्ट आहे. सुरतेला आल्यावर डिंडोलीच्या नाक्यावर पोलिसांची गाडी उभी दिसली, तिच्यावर ठळक रंगवलेलं: ११२. तोच आकडा. इकडेही चालतो तो आता, आणि ती गाडी मी जायच्या आधीही तिथून जात-येत असणार. मी आपली जुनाच धडा धरून बसले होते.

यांना मात्र मी सगळं सांगितलं. कागद दाखवला. एक दुपार धरून कबुली दिली, फरशी पुसत बसले तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासली. खात्यातल्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं खुणांनी बोलतात; तार तुटली, गाठ मार आणि चालू कर, अशी ती खूण. ते मला तेच म्हणाले, की त्यांच्या बोटांना नुसत्या मुंग्या आल्या होत्या, हे कळायला मार्ग नाही. मी माझ्या सोयीचा अर्थ घेतला आणि खूप रडले.

बोलायला शिकवणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा येते. तिनं एक गंमत दाखवली. यांना "दोन" म्हण म्हटलं तर येत नाही, पण एकपासून मोजायला लावलं तर येतं. घोकलेलं डोक्यात वेगळ्या कोपऱ्यात राहतं म्हणे. म्हणून आता मी विचारते, "भाकरी किती?" ते म्हणतात, "एक... दोन." आणि थांबतात. थांबले तिथे उत्तर. सबंध दिवसात या घरात आता एवढाच त्यांचा आवाज.

मागच्या आठवड्यात व्हिडिओवर लेक म्हणाली, "मम्मी, तुम्ही दोघंच तिथे. तुला काही झालं तर पप्पा काय करतील?" मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोरा कागद घेतला, लाल पेनानं मोठं १०८ लिहिलं आणि आमच्या फ्रिजवर लावला. चहा झाल्यावर यांना त्याच्यासमोर खुर्चीत बसवलं. शनिवार होता, योगायोगानं.

"मला काही झालं तर कोणाला बोलवायचं?" मी विचारलं. "हा आकडा कोणता?"

ते कागदाकडे बघत राहिले. आकडे त्यांना वाचता येत नाहीत आता. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले. मग त्यांनी श्वास घेतला.

"एक," ते म्हणाले. "दोन. तीन."

ते कुठवर जाणार आहेत ते माझ्या ध्यानात आलं. राहू द्या म्हणणार होते, म्हटलं नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, खाली भाजीवाला ओरडून गेला, मी जागची हलले नाही. एकोणचाळीसला अडखळले आणि पुन्हा एकपासून सुरू झाले. सत्तरीत आवाज बसला. मी पाणी पुढे केलं, त्यांनी डाव्या हातानं बाजूला सारलं. नव्वद झाले, शंभर झाले. एकशे एक. घाम आला होता. एकशे सात. एकशे आठ.

तिथे थांबले. आणि तिसरीतलं पोर बघतं तसं, बरोबर आलं का म्हणून, माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

"शाबास," मी म्हटलं. दहा मिनिटं लागली त्यांना. मला पाऊण तास लागला होता.